दशमानाचा दिग्विजय

भारताने १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली. ती आपण किती मनोभावे पाळतो, हे पाहून ऊर भरून येतो. सातबारा हेक्टर-आरमध्ये, भावकीचे भांडण गुंठ्यावरून. महारेराकडे चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये, बिल्डरचा भाव चौरस फुटाला. वाळू ब्रासने, हापूस डझनाने. कागदाने माणसाच्या आणि माणसाने कागदाच्या वाटेला जाऊ नये, अशी ही आदर्श व्यवस्था.

दशमानाला पूर्ण शरण गेला तो एकटा तोळा. मूळचा ११.६६ ग्रॅमचा हा गृहस्थ सराफकट्ट्यावर मुकाट्याने १० ग्रॅमचा झाला. ना मोर्चा, ना अध्यादेश. शासनाने हाच आदर्श पुढे न्यावा. गुंठा १,०८९ ऐवजी १,००० चौरस फुटांचा करावा, डझन दहाचा. आकडेमोड सुटसुटीत होईल. उरलेल्या दोन हापूसांसाठी समिती नेमता येईल.

सामाजिक लाभ तर वेगळाच. ‘दहा तोळे घालू’ असा शब्द दिलेल्या वधूपित्याचे आज साडेसोळा ग्रॅम सोने वाचते. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याला एवढेही जमलेले नाही.