घरबसल्या जबडा घडवा

दातांना तारा बसवायच्या म्हणजे दीड-दोन वर्षं आणि दर महिन्याला डॉक्टरची फेरी. एवढी सवड कोणाला? मोबाइल आहे, आरसा आहे, आत्मविश्वास तर उदंड. लागा कामाला.

१. जीभ टाळूला चिकटवा आणि तशीच ठेवा. याला म्यूइंग म्हणतात, जॉन म्यू या ब्रिटिश दंतवैद्यावरून. त्यांचा मुलगा माइक याच पंथाचा. २०२४ मध्ये तिकडच्या दंत परिषदेने त्याचं नाव नोंदवहीतून काढायचं ठरवलं. तुम्ही खचू नका, तुमचं नाव कुठल्याच वहीत नाही. वर्गात सरांनी पाढा विचारला तर ओठांवर बोट ठेवा, मग ते जबड्यावरून फिरवा: म्यूइंग चालू आहे, बोलता येत नाही. पाढा येत नाही हे झाकलं जातं.

२. पुढच्या दातांत फट आहे? बारीक रबर चढवा. फट खरंच मिटते बरं का! मग रबर निमुळत्या मुळांवरून सरकत हिरडीत शिरतं, दिसेनासं होतं, आतलं हाड जातं आणि दात हलू लागतात. हलता दात हवा तिकडे सरकतो. तुम्हाला तेच तर हवं होतं.

३. तारा अडकवायचे ब्रॅकेट ऑनलाइन मागवा, फेविक्विकने चिकटवा. यवतमाळमधल्या पांढरकवडा, झरी-जामणीकडचे असाल आणि पाण्यातल्या फ्लोराइडने दात डागाळले असतील, तर दोन थेंब जास्त. अशा दातांवर ब्रॅकेट टिकवताना डॉक्टरांचीही दमछाक होते.

४. जबडा पिळदार करायला सिलिकॉनचे गोळे विकतात. ते घेऊ नका, पैसे वाया जातील. तसं यंत्र आपल्याकडे चौकाचौकात मिळतं: खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून तयार. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली. तरी पानठेल्यावरची गर्दी तुम्ही बघताच. सकाळपासून चघळत राहा. जबड्याचा स्नायू फुगून चेहरा चौकोनी दिसायला लागला की सेल्फी तेवढ्यात उरकून घ्या, कारण पुढे गाल आतून पांढुरके आणि ताठ होतात. ठेचा जिभेला लावला तरी आग होते. वऱ्हाडी माणूस तिखटाला नाही म्हणतो, तेव्हा घरच्यांना पहिली शंका येते. मग तोंडच उघडेनासं होतं.

५. प्रगती मोजा. तीन बोटं उभी जोडून दातांमध्ये घाला. तिन्ही मावली तर अजून शिकाऊ आहात. दोन मावली तर हात बसला. एकच मावलं तर गुरू झालात. तोंड असं आवळण्याच्या आजाराला डॉक्टर सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. ताठरलेला गाल पुन्हा पहिल्यासारखा होत नाही आणि काहींना पुढे कर्करोग होतो. “मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी खातो” म्हणणाऱ्यांचंही आपल्या वर्गात स्वागत आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली.

एवढी हिंमत नसलेल्यांनी यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात केसपेपर काढावा. तारा लावायच्या तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. जाताना तोंडातला खर्रा थुंकून जा, भाऊ. तिथेही आधी बोटंच मोजतात.