पानी टाका न जी!

नवेगाव बांधच्या माणसाला कुठलंही दुखणं सांगा, त्याचा पहिला इलाज पाण्याचा असतो. डोकं धरलं, पाणी प्या. चक्कर आली, तोंडावर पाणी मारा. दोन घरांत भांडण पेटलं, तर त्यावरही पाणीच टाकायचं. यात त्याचा दोष नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पटेल कोहळी नावाच्या माणसानं इथल्या डोंगरांमध्ये बांध घालून एवढं पाणी अडवून ठेवलं, की पुढच्या पिढ्यांना दुसरा इलाज शोधायची गरजच पडली नाही. मारुती चितमपल्लींच्या वाचकांना हे गाव पक्ष्यांमुळे ठाऊक आहे. आम्हाला ते पाण्यामुळे ठाऊक आहे. त्यामुळे गाडी तापली तर काय करावं, हा प्रश्न इथे कुणालाच पडत नाही.

आमच्याकडे बिछायत केंद्र आहे. मांडव, सतरंज्या, खुर्च्या, गंज, पातेली आणि उन्हाळ्यात कूलर, असा सगळा संसार वाहून नेण्यासाठी धाकट्या भावानं एक जुनी पिकअप घेतली. ही गाडी वर्षभर बसून राहत नाही. दिवाळी झाली की गावोगावच्या मंडईच्या जत्रांना आणि झाडीपट्टीच्या नाटकांना खुर्च्या पोचवते, रात्रभर नाटक संपेपर्यंत थांबते आणि उजाडता परत येते. धान निघालं की पोती वाहते. होळीनंतर लग्नसराईला लागते. मे महिन्यात गोंदियाचा पारा 44-45 अंशांवर जातो, आणि नेमक्या त्याच महिन्यात आमच्या गाडीचा काटाही वर जायला लागला.

गाडीमालकाचं पहिलं निदान सगळीकडे सारखंच असतं: काटा खराब आहे. धाकट्यानं काचेवर टिचकी मारून पाहिली. काटा हलला नाही, तेव्हा त्याने तिकडे बघणं सोडून दिलं. मग एका थांब्यावर गाडीनं बॉनेटच्या फटींतून वाफ सोडली. वाफेवर टिचकी मारता येत नाही.

त्यानंतर जो जो भेटला, त्यानं एकेक भाग बदलायला लावला. एकानं होज पाइप बदलला. दुसऱ्यानं रेडिएटरचं ढक्कन बदललं. हे ढक्कन दिसायला डब्याचं झाकण वाटतं, पण ते आतला दाब धरून ठेवतं, आणि दाब असला की पाणी 100 अंशांना न उकळता आणखी पुढे तग धरतं. तिसऱ्यानं थर्मोस्टॅटच काढून फेकला. ही आपल्याकडची फार लाडकी शस्त्रक्रिया. इंजिन गार असेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, आणि 80 अंशांच्या पुढे गेलं की वाट उघडायची, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. तो काढला की इंजिन हिवाळ्यात गरमच होत नाही, डिझेल जास्त पितं, आणि उन्हाळ्यात तापायचं ते तापतंच. चौथ्यानं हात पुसत, आवाज खाली आणून सांगितलं, ‘‘हेड गॅस्केट असन.’’ हे दोन शब्द ऐकले की गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्यानंतर अख्खं इंजिन उघडावं लागतं आणि खिसाही.

अशा अवस्थेत आम्ही कोहमाऱ्याच्या रस्त्यानं एका लग्नाला निघालो. मागे खुर्च्यांची थप्पी आणि सहा मोठे कूलर. वधूपित्यानं बजावलं होतं, बाकी काही उशिरा आलं तरी चालेल, कूलर वेळेवर पाहिजेत. अर्ध्या वाटेत काटा लाल रेषेला टेकला. धाकट्यानं गाडी पळसाच्या सावलीला घेतली. सहा कूलर घेऊन निघालेली गाडी स्वतःच उकळत उभी राहिली.

जंगलातला रस्ता, दूरवर माणूस नाही, असं आपल्याला वाटतं. बॉनेट उघडून बघा. माणसं जमिनीतून उगवतात. तलावावरून मासोळी घेऊन निघालेला ढिवर थांबला. मोटारसायकलवरची दोन पोरं थांबली. शेतातून एक आजोबा आले, आणि त्यांनी गाडीकडे न बघताच सुरुवात केली, ‘‘पानी टाका न जी!’’ पाणी आहे म्हटल्यावर म्हणाले, ‘‘मंग हळद टाका. गळती असन तर बुजते.’’ एका पोरानं तोवर दुपट्टा हाताला गुंडाळून रेडिएटरच्या ढक्कनाकडे मोर्चा वळवला होता. त्याला ढिवरानं मागे ओढलं, म्हणून तो लग्नाच्या वयापर्यंत सुखरूप पोचेल. तापलेलं ढक्कन उघडलं की दाब एकदम सुटतो आणि थोपवून धरलेलं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

एवढ्यात गळ्यात दुर्बीण अडकवलेले नागपूरचे एक पाहुणे आपली गाडी थांबवून उतरले. म्हणाले, ‘‘पुन्हा असं झालं तर हीटर चालू करा.’’ सगळे खो खो हसले. भर मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत हीटर! वास्तविक त्या गर्दीत शास्त्रशुद्ध बोललेला तेवढाच एक माणूस होता. हीटर म्हणजे इंजिनच्या पाण्यातली उष्णता केबिनमध्ये सोडणारा छोटा रेडिएटर. ड्रायव्हर भाजून निघतो, पण इंजिनचा भार थोडा हलका होतो. आमच्या पिकअपला हीटरच नव्हता. पाहुणे मात्र कायमचे हास्यास्पद ठरले.

आता ही मंडळी उभ्यानं किती बोलणार? एकानं मागची थप्पी पाहिली, चार खुर्च्या उतरवल्या. मग आणखी उतरल्या. बघता बघता रस्त्याच्या कडेला ग्रामसभा भरली, आणि तीही आमच्याच खुर्च्यांवर, विनाभाडे.

तसं पाहिलं तर पाणी टाकण्याची परंपरा आजोबांपेक्षाही जुनी आहे. 1888 साली बर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली मोटार काढली, दोन मुलांना बसवलं आणि मानहाइमहून थेट फोर्झहाइमला, माहेरी नेली. त्या गाडीला रेडिएटर नव्हता. इंजिनवरचं पाणी उकळून उडून जायचं, आणि बाई वाटेत जिथे मिळेल तिथे पाणी भरत पुढे जायच्या. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी 1901च्या मर्सिडीजला मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बसवला. त्यात 8,070 बारीक नळ्या होत्या, मागे पंखा होता. लागणारं पाणी निम्म्यावर आलं, इंजिन गार राहू लागलं. म्हणजे इंजिनला हवा असतो तो पाण्याचा साठा नव्हे. पाण्यानं उष्णता उचलून आणायची आणि वाऱ्यानं ती न्यायची, असा तो व्यवहार आहे. डिझेल जाळून निघणाऱ्या उष्णतेतली ढोबळमानानं एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. तेवढीच सायलेन्सरवाटे जाते. उरलेली पाण्यातून बाहेर काढावी लागते. वारा नसेल, तर तलाव ओतला तरी तलाव उकळेल.

हे सगळं धाकट्यानं बोलावलेल्या मिस्त्रीला शाळेत न जाता कळलं होतं. तो स्कूटरवरून आला, ग्रामसभेतली एक खुर्ची त्यानंही घेतली, आणि हत्यारांची पिशवी न उघडता विचारलं, ‘‘उभ्यानं तापते का चालताना?’’

‘‘चालताना.’’

‘‘रिकामी का भरलेली?’’

‘‘भरलेली. दुपारी. रात्री रिकामी येताना काटा हलत नाही.’’

उभ्यानं तापली असती तर त्यानं पंख्यावर संशय घेतला असता. सुरू केल्याबरोबर तापली असती, पाण्यात बुडबुडे आले असते, ऑइल चहाच्या रंगाचं झालं असतं, तर गॅस्केट. यातलं काही नव्हतं. बेल्ट घट्ट होता, पंप पाणी फिरवत होता. मिस्त्री उठला, गाडीच्या नाकासमोर उकिडवा बसला आणि मोबाइलची बॅटरी जाळीत मारली. मग धाकट्याला म्हणाला, ‘‘भाऊ, कूलरच्या ताट्या कधी बदलता?’’

‘‘दरवर्षी. नाहीतर पंखा फिरते, पण हवा गार येत नाही.’’

‘‘आन् हिच्या?’’

धाकटा गप्प. जिल्हाभर कूलर पुरवणारा माणूस, आणि गाडीच्या छातीतला कूलर त्यानं कधी पाहिला नव्हता.

इंजिन निवल्यावर मिस्त्रीनं शेजारच्या शेतातल्या मोटारीचा पाइप ओढून आणला आणि पाणी समोरून न मारता मागच्या बाजूनं, हलक्या धारेनं सोडलं. जोरानं मारलं की पत्र्याच्या नाजूक पापण्या दुमडतात, आणि समोरून मारलं की घाण आणखी आत जाते. तेव्हा पुढून गाडीचं अख्खं वर्ष बाहेर यायला लागलं. सगळ्यात आधी सावरीचा कापूस निघाला, चैत्रात झाडांवरून उडालेला. त्याच्यामागे धानाचा कोंडा आणि तणसाचे तुकडे, पौषातले. त्याखाली लाल मातीचा थर. आणि अगदी तळाशी, एकमेकांना चिकटून काळा लगदा झालेले तुडतुडे. दिवाळीनंतर धानाच्या बांधीवरून दिव्यांकडे झेपावणारे. नाटक बघायला निघाले होते, रेडिएटरपर्यंतच पोचले. लगदा वाहून गेल्यावर पत्र्यांमधून पलीकडचा उजेड दिसायला लागला. म्हणजे आजोबांचा पाण्याचा सल्ला खोटा नव्हता. जागा तेवढी चुकली होती.

खुर्च्या मोजून परत चढवल्या. कूलर पोचले तेव्हा वरात अजून डीजेसमोर अडकलेली होती, त्यामुळे उशिराचा ठपका आपोआप दुसऱ्यावर गेला.

रात्री पंगतीला बसलो तर समोरच्या रांगेत आजोबा. लग्न त्यांच्याच भावकीतलं निघालं. ते शेजारच्याला रंगून सांगत होते, ‘‘गाडी मरायलेच टेकली होती. म्या म्हनलं, हळद टाका. हळदीनंच उतरली गरमी.’’ हळदीची चिमूटही पडली नव्हती. माझ्या बाजूला मिस्त्री जेवत होता. आजोबांनी त्यालाच साक्षीला घेतलं, ‘‘का जी, मिस्त्री?’’

‘‘होय न जी, हळदीनंच,’’ मिस्त्री म्हणाला.

मी कोपरानं ढोसलं, तसा तो भात कालवत हळूच म्हणाला, ‘‘दादा, त्यायचा ट्रॅक्टर महिन्याभरापासून तापून रायला. हळदीवरच चालू आहे. यीन न तोही माझ्याकडंच.’’