अमर्यादित साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. पॅक-आखणी अधिकारी,
सर्व मोबाइल कंपन्या,
मुक्काम : जिथे रेंज असेल तिथे.

विषय : न वापरलेल्या डेटाबद्दल आभार मानणेबाबत.

साहेब,

पत्रास कारण की, आपण आम्हाला रोज दीड जीबी देता. रोज न चुकता काही देणारे आमच्या आयुष्यात दुसरे कुणी नाही. नळाला पाणीसुद्धा एक दिवसाआड येते. त्या दीड जीबीतले आमच्यापर्यंत किती पोचते हा वेगळा विषय, आणि आभारपत्रात तो काढणे बरे दिसत नाही. पण काढतो.

आम्ही मुरूड तालुक्यातले. पाठीशी फणसाडचा डोंगर, पुढ्यात समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळ-सुपारीच्या वाड्या आणि जांभ्याची घरे. आपल्या 5जीची जी लहर 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून येते ती वेगवान खरी, पण नाजूक. ती डोंगर चढत नाही, जाड भिंतीतून आत शिरताना दमते आणि पावसात भिजलेल्या झाडोऱ्यात जिरते. थोडक्यात, आमच्या पूर्वजांनी वाऱ्यापासून वाचायला गाव जिथे वसवले, नेमके तिथेच तिचे चालत नाही. पूर्वजांची ही चूक आम्ही मान्य करतो. पुढच्या वेळी टॉवर बघून गाव वसवू.

आता हिशेब. कोटा संपला की आपण वेग 64 केबीपीएसवर आणता. आमच्याकडे कोटा न संपताही तो तिथे येतो, त्यामुळे या आकड्याशी घरोबा आहे. या वेगाने दीड जीबी उतरवायला साधारण 52 तास लागतात. म्हणजे एका दिवसाचा कोटा संपवायला दोन दिवस आणि वर चार तास, तेही झोप, जेवण आणि मासेमारी सोडून. आणि रात्री 12 वाजले की उरलेला कोटा बुडीत. सरकारने जानेवारी 2023 मध्ये ठरवले की 2 एमबीपीएसपेक्षा कमी वेगाला ब्रॉडबँड म्हणायचे नाही. बरे केले. आम्ही त्याला नेट म्हणतो, आणि बहुधा ‘नेट नाय’ असेच म्हणतो.

आपल्यातल्या एका कंपनीने यावर उपाय काढला. सोमवार ते शुक्रवार न वापरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरा! साहेब, ही योजना ज्यांनी आखली त्यांना एकदा शनिवारी आमच्या काशीदच्या किनाऱ्यावर आणा. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते हे मी आपल्याला सांगायला नको. पाच दिवस तो टॉवर गावापुरता असतो. शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि तोच टॉवर प्रत्येकाच्या लाटेसोबतच्या व्हिडिओखाली वाकतो. नेमका तोच आमच्या धंद्याचा दिवस. खानावळीत पाहुणा जेवून उठतो, कोड स्कॅन करतो, आणि पडद्यावर चक्र गोल फिरत राहते. तो म्हणतो पैसे गेले, आम्ही म्हणतो आले नाहीत. धक्क्यावर एका मावशीने सुरमईची तुकडी पुन्हा पाटीत ठेवली आणि पैशाच्या स्पीकरकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला सांगितले, “ह्ये डबडं बोलल्याबिगर मासळी हलायची नाय.” त्या बाईकडे दर ठरवायचे काम द्यावे, अशी माझी शिफारस आहे. ती वाटा आधी समोर मांडते, मग भाव सांगते. आपण भाव आधी घेता आणि वाटा पाण्यातच असतो.

दरांबद्दलही आभार. 3 जुलै 2024 रोजी जिओ आणि एअरटेलने दर वाढवले, दुसऱ्या दिवशी व्हीआयने. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या सभेत चहा किती कप सांगायचा यावर इतक्या लवकर एकमत होत नाही. त्या दरवाढीनंतर 28 दिवसांचा रोज दीड जीबीचा पॅक जिओकडे 299 रुपयांना होता, इतर दोघांकडे 349 ला. म्हणजे जीबीला सात-आठ रुपये. पण ज्याला फक्त बोलायचे आहे आणि महिन्यात दोनच जीबी पुरतात, त्याचा जिओचा पॅक 189 ला आणि इतर दोघांचा 199 ला : जीबीला शंभराच्या घरात. जो कमी घेतो त्याला बारा-तेरा पट भाव, हे व्यापारातले नवे तत्त्व आम्ही टिपून घेतले आहे. पुढे डिसेंबर 2024 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने सांगितले, फक्त कॉल-एसएमएसचेही पॅक ठेवा. आपण ठेवलेत, पण रक्कम 84 दिवसांची एकदम मागितलीत, साडेचारशेच्या आसपास. 1 जून ते 31 जुलै आमच्या होड्या बंदीमुळे किनाऱ्यावर असतात. त्या दिवसांत घरात साडेचारशे रुपये निघाले तर आधी तांदूळ येतो.

हा 28 दिवसांचा महिना तर आम्हाला फारच भावला. 28 गुणिले 13 म्हणजे 364. वर्षाला तेरा पगार कुणी देत नाही, तेरा रिचार्ज मात्र आहेत. ट्रायने 2022 मध्ये 30 दिवसांचाही एक पॅक ठेवायला लावला. तो दुकानात मागितला तर दुकानदार आमच्याकडे असा बघतो, की जणू जुलै महिन्यात बांगडा मागितला.

कंटाळून 2024 च्या पावसाळ्यात अनेकांनी 1900 वर पोर्टचा एसएमएस टाकला आणि बीएसएनएल गाठले, कारण तिने दर वाढवले नव्हते. तिचे स्वदेशी 4जी देशभर सुरू झाल्याची घोषणा 27 सप्टेंबर 2025 ला झाली. आम्ही थांबलो. आगरदांड्याच्या जेट्टीवर बोटीची वाट बघत उमर काढलेल्या माणसांना थांबणे शिकवावे लागत नाही.

आता मुद्द्याचे. ट्रायच्या 2024 च्या नियमांप्रमाणे 24 तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर प्रीपेडवाल्याची मुदत वाढवून द्यायची असते. वाचून आनंद झाला. मग कळले की त्यात मोजमाप जिल्ह्याचे आहे. आमचा जिल्हा रायगड, आणि त्यात पनवेलही येते. म्हणजे पनवेलच्या मॉलमध्ये कुणी मजेत सिनेमा बघत असेल, तोवर आमच्या वाडीतला अंधार कागदावर उतरत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढले. कित्येक गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हा हा नियम नव्हता. असता तरी दावा पनवेलला विचारूनच करावा लागला असता. टॉवर किंवा निदान तालुका धरून मोजा, ही आमची एकमेव गंभीर मागणी. बंद टॉवरचा हिशेब आपल्याकडे मिनिटागणिक असतो, हे आम्हालाही ठाऊक आहे.

कव्हरेजचे नकाशेही आपण संकेतस्थळांवर लावलेत. आमची वाडी रंगीत आहे. तो रंग बघायला आमच्यातले दोघे डोंगरावर जाऊन आले.

जाता जाता एक जुनी आठवण. याच किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, विकत. इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणत. पण दस्तक घेतलेले गलबत आंग्र्यांचे लोक सोडून देत. आमची डेटाची पाकिटे पूर्ण दस्तकानिशी निघतात आणि काशीदच्या चढावर अडतात.

कळावे, लोभ आहेच. तो आपण दर 28 दिवसांनी कळवता.

आपला,
एक अमर्यादित ग्राहक

ता. क. उत्तर एसएमएसने द्यावे. ॲपवर द्यायचेच असेल तर पहाटे तीन ते चारच्या दरम्यान द्यावे. होड्या सोडायला आम्ही उठलेलो असतो आणि पर्यटक झोपलेले असतात. शनिवार, रविवार आणि 31 डिसेंबर वगळून.