पिशव्यांची पिशवी

(एकपात्री विनोदी प्रयोग)

(रंगमंचावर एक दार. दारामागे खिळा, खिळ्याला टम्म फुगलेली पिशवी. बाजूला एक स्टूल. पन्नाशीचा गृहस्थ धापा टाकत येतो.)

उशीर झाला मंडळी, माफ करा. चालत आलो. पर्यावरणासाठी. (थांबून) म्हणजे रिक्षावाला नाही म्हणाला. मग पर्यावरण आठवलं.

(दाराकडे बोट दाखवत) हे आमच्या कोथरूडच्या घरातलं दार. तुमच्याही घरात असणार. दारामागे खिळा, खिळ्याला पिशवी, पिशवीत पिशव्या. या पिशवीचं वय कुणालाच माहीत नाही. आम्ही तीन घरं बदलली. टेम्पोत सामान चढलं तेव्हा आईनं दोनच गोष्टी मांडीवर घेतल्या होत्या. एका मांडीवर देव, दुसऱ्या मांडीवर ही.

तर झालं असं, की गेल्या वर्षी मला झटका आला. पन्नाशीत येतोच. कुणाला हृदयाचा येतो, कुणाला मॅरेथॉनचा. मला साधेपणाचा आला.

एक शिबिर होतं. ‘साधं जगा, शाश्वत जगा.’ मुळशीला, रिसॉर्टमध्ये. फी 2,500 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. साधेपणाचे झाले 2,950. आमची ही म्हणाली, “अहो, साधेपणा एवढा महाग असेल तर आपण चैनच करू. परवडेल तरी.”

गेलो. गाडीनं, एकटा, एसी लावून. पोहोचलो तर पार्किंगमध्ये चाळीस गाड्या. प्रत्येक गाडीतून एकेक साधा माणूस उतरतोय.

तिथले सर म्हणाले, “डोळे मिटा. तुमच्या घरातलं काय काय तुम्हाला आनंद देत नाही, ते आठवा.” मंडळी, वस्तू एकही आठवली नाही. नातेवाईक मात्र भराभर आठवले.

शेवटी प्रत्येकाला भेट मिळाली. काचेची बाटली, बांबूचा टूथब्रश आणि सुती पिशवी. तिन्ही वस्तू तीन प्लास्टिकच्या वेष्टनांत. मी वेष्टन टराटरा फाडलं, आतून पिशवी निघाली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘मी प्लास्टिक नाही.’ नुसतं बघून कळलं नसतं.

घरी आलो आणि फोनवरून साधेपणा मागवायला सुरुवात केली. बांबूचे ब्रश, बाराचा संच. स्टीलच्या नळ्या, सोबत नळ्या घासायचा वेगळा ब्रश. आता आमच्या घरी नळीनं पितंय कोण? आई चहा बशीत ओतून पिते. तिच्या हातात नळी दिली तर तिनं त्या नळीनं चूल फुंकायचा अभिनय करून दाखवला.

मग आलं मेणाचं फडकं. मधमाश्यांचं मेण लावलेलं कापड. त्यात पोळ्या गुंडाळायच्या, म्हणजे प्लास्टिक नको, फॉइल नको. सहाशे रुपयांना एक! संध्याकाळी घरी आलो तर फडकं दोरीवर वाळतंय, अगदी मऊसूत. आई म्हणाली, “अरे, कुठलं घाणेरडं फडकं आणलंस? सगळं चिकट मेण लागलं होतं. तीनदा गरम पाण्यात घातलं तेव्हा कुठे निघालं.”

सहाशे रुपयांचं मेण मोरीतून मुठा नदीला अर्पण!

ब्रश तरी पसंत पडेल म्हणून तिच्या हातात दिला. तिनं उलटसुलट करून पाहिला. “बांबू आहे, चांगला आहे. पण याला मागं भोक कुठाय?”

“भोक कशाला हवंय, आई?”

“मग जुना झाला की पायजम्याची नाडी कशानं ओवायची?”

(प्रेक्षकांकडे पाहत) शिबिरात या प्रश्नावर एकही स्लाइड नव्हती!

(खिळ्यावरची पिशवी काढतो, स्टुलावर बसतो, एकेक पिशवी बाहेर काढतो.)

शिबिरांची मला गोडी लागली. हे एक शिबिर, ते एक संमेलन, एक प्रदर्शन. प्रत्येक ठिकाणी सुती पिशवी. ही ‘वसुंधरा वाचवा’. ही ‘प्लास्टिकला नाही म्हणा’. हिच्यावर उमेदवाराचा फोटो आहे, त्यांनाही नाही म्हटलं होतं, पण ते निवडून आले. एकूण अकरा. मला वाटायचं, जितक्या पिशव्या जास्त तितका मी हिरवा.

एक दिवस वाचनात आलं. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं 2011 साली एक अहवाल छापलाय. कापूस पिकवायचा, सूत काढायचं, कापड विणायचं, या सगळ्याचा हिशेब धरला, तर एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा हवामानाच्या दृष्टीनं बरी ठरायला सुती पिशवी निदान 131 वेळा वापरावी लागते. एकशे एकतीस! मी कॅल्क्युलेटर घेतला. अकरा पिशव्या गुणिले 131, म्हणजे 1,441. रोज एकदा भाजीला गेलो तरी जवळजवळ चार वर्षं!

हिला मी हे फार गंभीर होऊन सांगितलं. ती म्हणाली, “मग बसलाय काय? मेथी आणा. 1,440 राहतील.”

आमच्याकडे कचरा न्यायला ‘स्वच्छ’च्या ताई येतात. पुण्यातल्या कचरावेचकांनी 1993 साली स्वतःची संघटना बांधली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. आपण पाहुण्यांपासून जे जे लपवतो, ते या ताईंना रोज सकाळी दिसतं. एकदा खोकी पायानं दाबता दाबता त्या मला म्हणाल्या, “साहेब, हल्ली पर्यावरणाचं काही करताय का?”

मी एकदम फुललो. “हो! तुम्हाला कसं कळलं?”

“खोकी वाढली तुमची.”

(उठतो. दोन फेऱ्या मारतो.)

मनाला लागलं. म्हटलं, आता विकत काही घ्यायचं नाही. आता खत करायचं! (थांबून) त्यासाठी डबा विकत घेतला.

पुस्तिकेत लिहिलं होतं, ओला कचरा घाला, वर सुका घाला. मी ओला घातला. कलिंगडाची सालं, केळीची सालं, नासलेली उसळ. सुकं घालायचं राहूनच गेलं. आठव्या दिवशी डब्यानं तोंड उघडलं. खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला, “तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना? म्हणजे... सगळे *आहेत* ना?”

आई आली. झाकण काढलं, नाकाला पदर लावला, आत डोकावली आणि वैद्यासारखं निदान केलं. “अजीर्ण झालंय याला. तीन दिवस काही घालू नकोस.”

खाली जाऊन बदामाचा वाळका पाला घेऊन आली. तो चुरून घातला, जुन्या उलथन्यानं सगळं खालवर केलं, झाकण जरा किलकिलं ठेवलं. चौथ्या दिवशी वास गेला! मी नंतर वाचलं, की हवा मिळाली नाही तर कचरा नासतो आणि हवा मिळाली तर त्याचं खत होतं. एक भाग नायट्रोजनला पंचवीस-तीस भाग कार्बन लागतो, आणि तो सुक्या पाल्यात असतो. आईला कार्बन माहीत नव्हता. अजीर्ण माहीत होतं.

मग मी वीज वाचवायला घेतली. पुण्यात डॉ. हेमा साने हे नाव तुम्ही ऐकलं असेल. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका. गरवारे महाविद्यालयात शिकवलं, पुस्तकं लिहिली आणि राहिल्या आयुष्यभर विजेशिवाय. पंखा नाही, फ्रिज नाही. आणि कुठे? बुधवार पेठेत! जिथं तपकीर गल्ली आहे. अख्खं पुणं दिवे, वायरी, बटणं आणायला जिथं जातं, त्याच पेठेत एक बाई कनेक्शनशिवाय राहिल्या. याला म्हणतात निग्रह. मी तिथं नुसता बल्ब आणायला जातो तरी झुंबर घेऊन येतो.

म्हटलं, त्यांना आयुष्यभर जमलं, आपल्याला एक तास जमेल. रात्री आठ वाजता मेन स्विच खाली पाडला. घरात अंधार! मन भरून आलं. दोन सेकंदांनी सगळे दिवे लागले.

इन्व्हर्टर.

माझ्या साधेपणाला बॅकअप आहे, मंडळी!

(पुन्हा बसतो. पिशवीतून चुरगळलेल्या, स्वच्छ धुतलेल्या दुधाच्या पिशव्या काढतो.)

या आईच्या. कापलेल्या, धुतलेल्या, फरशीला चिकटवून वाळवलेल्या. 2018 च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली. पहिल्यांदा सापडलात तर 5,000 दंड, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. मी घाबरलो. आईच्या पलंगाखाली दोन गोण्या भरून माल होता! दुधाच्या जाड पिशव्यांना सूट होती, पण किराण्याच्या पातळ पिशव्यांचं काय? एका पिशवीला एक गुन्हा धरला तर आई जन्मठेपेत! तिला म्हटलं, टाकून देऊ. ती म्हणाली, “बंदी पिशव्या फेकणाऱ्यांवर आहे. मी कधी फेकली?”

पुढे हे एक वाक्य आठवलं आणि मी ठरवलं. आईचा सत्कार करायचा! 5 जूनला, सोसायटीत, पर्यावरण दिनाला. मी भाषण ठोकलं. म्हटलं, जगाला आज जे कळतंय ते माझ्या आईला आधीपासून माहीत होतं. जुन्या साड्यांच्या गोधड्या, उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी, बोहारणीला तीन पँटी देऊन घेतलेलं पातेलं. माझी आई म्हणजे मूळची पर्यावरणवादी! टाळ्या! आईला शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला गुच्छ.

आणि मी चूक केली. आईच्या हातात माइक दिला.

(खांद्यावर पदर घेतल्याचा अभिनय. आवाज बदलतो.)

“मला ते पर्यावरण-बिर्यावरण कळत नाही. याच्या वडिलांचा पगार वीस तारखेला संपायचा. पुढचे दहा दिवस मी जे काय करायची, त्याला तुम्ही आता हे नाव दिलंय. हौस नव्हती हो. पैसे नव्हते. मिक्सर आला त्या दिवशी मी वरवंटा उचलला आणि दार आपटू नये म्हणून दाराला लावला, तो अजून तिथंच आहे. आणि एक सांगते. पिशव्या धुतल्या मी. गोधड्या शिवल्या मी. बोहारणीशी दोन-दोन तास हुज्जत घातली मी. बादलीनं अंघोळ केली की पाणी वाचतं म्हणतो हा, पण नळ नव्हता तेव्हा त्या बादल्या भरल्या कुणी? आमच्या घरचा साधेपणा याच्या वडिलांना फार आवडायचा. का नाही आवडणार? त्यांना तो आयता मिळायचा.”

(पदर खाली. शांतता.)

टाळ्या वाजल्या. फक्त बायकांच्या. पुरुष समोसे खात होते. थर्माकोलच्या ताटलीत. तिच्यावरही 2018 पासूनच बंदी आहे.

रात्री झोप येईना. मंडळी, सहा महिने मी घरात किती गोष्टी आणल्या! आणि त्यातली एक तरी मी धुतली? नळ्या हिनं घासल्या. खताचा डबा आईनं ढवळला. खोकी ताईंनी दाबली. मी फक्त साधा होतो.

(पिशवीच्या तळाशी हात घालून एक जुनी खाकी पिशवी काढतो.)

ही तळाशी सापडली. बाबांच्या पँटच्या पायाची. आईनं शिवलीय. बघा, पँटचा खिसा तसाच ठेवलाय. भाजीचे सुटे पैसे त्यात. हिच्यावर काही छापलेलं नाही. मी शाळेत होतो तेव्हापासून ही मंडईत जातेय. 131 चा आकडा हिनं मी चौथीत असतानाच मागे टाकला असेल.

दुसऱ्या दिवशी मी हीच पिशवी घेऊन भाजीला गेलो. आलो, मेथी निवडली. मी! काड्या आणि पिवळी पानं डब्यात, वर मूठभर सुका पाला. पिशवीला माती लागली होती, ती धुतली आणि वाळत घातली. आई लांबून बघत होती. म्हणाली, “उलटी करून घाल. शिवणीत पाणी राहतं.”

सत्कारात मिळालेल्या शालीपेक्षा तिला हे जास्त आवडलं असावं. काही बोलली नाही. चहा मात्र दिला. बशीत ओतून.

(उठतो. खाकी पिशवी खांद्याला अडकवतो.)

तेव्हा मंडळी, घरी जा आणि दारामागचा खिळा बघा. नवी पिशवी घेऊ नका, अगदी सुतीसुद्धा नको. आहे तीच काढा, भाजी आणा. आणि आल्यावर ती धुवायला दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.

‘मी प्लास्टिक नाही’वाली पिशवीसुद्धा आता वापरात आहे. 131 पैकी 17 झाले. निघतो. वाटेत कोथिंबीर घ्यायचीय.

(जाता जाता दार आपटू नये म्हणून पायानं वरवंटा सरकवतो. अंधार.)