घर नको, अंतर दाखवा

तळेगाव-सोमाटणे पट्ट्यात घर शोधणाऱ्या पालकांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. जुनी माणसं पाणी, ऊन, शेजार बघायची. ही शाळेचं फाटक बघतात. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांसाठी 1 किलोमीटरच्या आतल्यांना आधी मान. त्यामुळे ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर घराचा फुगा टेकवताना श्वास रोखावा लागतो. मध्ये इंद्रायणी आहे की द्रुतगती मार्ग, ते मुलाने बघून घ्यावं.

भाड्याचं घर असेल तर नोंदणीकृत करार हवाच. मग तो अख्ख्या फ्लॅटचा कशाला? शाळेकडच्या गॅलरीपुरता करावा. जाहिरातीतही स्पष्ट छापावं: 'गॅलरी 980 मीटर, बेडरूम 1,004. पाल्यास बेडरूममध्ये झोपवू नये.'

सरकारही हिशेबात कच्चं नाही. 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असं त्याने फेब्रुवारी 2024मध्ये ठरवलं. जुलैत उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पण तेवढ्यात सोसायटीच्या कुंपणाला लागूनच जिल्हा परिषदेची शाळा आहे, हा शोध लागला. बिल्डरच्या माहितीपत्रकात तिथे 'निसर्गदृश्य' लिहिलं होतं.