ताण नॉर्मल आहे

पुण्याच्या पुतण्याने दिवाळीला मनगटावर बांधायचं घड्याळ दिलं. ते वेळही सांगतं, पण तो त्याचा जोडधंदा. मूळ धंदा माझा ताण मोजण्याचा. "काका, झोपतानाबी काढू नका," असं बजावून तो गेला.

घड्याळ पाठीमागून कातडीवर हिरवा उजेड मारतं. रक्त तो शोषून घेतं आणि त्यावरून ठोके मोजले जातात. खरी गंमत दोन ठोक्यांमधल्या अंतरात आहे. निवांत माणसाचं काळीज शिस्तीत चालत नाही. ठोके आमच्या एसटीसारखे थोडे मागेपुढे येतात. ताण वाढला की मात्र ते वक्तशीर होतात. काळीज वेळेवर यायला लागलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

येरमाळ्याची चैत्र पौर्णिमेची यात्रा झाली. येडेश्वरीची पालखी निघालेली, चुनखडी वेचायला माणूस लोटलेला, हलगी आणि संबळ कानठळ्या बसवतायत, आराधी 'उदो उदो' करतायत. माझ्या अंगावर काटा आलेला, डोळे भरलेले. तेवढ्यात मनगट थरथरलं : 'ताण जास्त. शांत जागी बसून खोल श्वास घ्या.' शांत जागा! त्या दिवशी येरमाळ्यात शांत जागा खुद्द देवीलाही मिळत नाही. आणि खोल श्वास घ्यायचा तर धुरळ्यासकट.

पुढे जूनमध्ये पावसाने ओढ दिली. सोयाबीनचं बी पिशवीतच, आणि त्यात हप्त्यासाठी बँकेचा फोन. फोन ठेवून मी ओट्यावर गप बसून राहिलो. घड्याळ म्हणालं, 'ताण नॉर्मल.'

यात घड्याळाचा तरी काय दोष? ताणाचा अभ्यास करणाऱ्या हान्स सेल्ये नावाच्या संशोधकाने 1936 साली उंदरांवरचे प्रयोग छापले. थंडी असो, इजा असो की औषधाचा मारा, उंदरांचं शरीर एकाच तऱ्हेने बोंबलत होतं. बोंब ऐकू येते. कशाबद्दल आहे, ते त्या उंदरालाच ठाऊक.

शरीराच्या बोंबेवरून मन ओळखायचा हा उद्योग आपल्या धर्मशास्त्रकारांनीही केलेला आहे. चोरीच्या संशयिताला तंडुल दिव्य करावं लागे. तांदूळ चावून पिंपळाच्या पानावर थुंकायचे. रक्त दिसलं, टाळू सोलली किंवा अंग थरथरलं की हाच चोर. भीतीने तोंडाला कोरड पडते आणि कोरड्या तोंडात तांदूळ टोचतात, इथवर शास्त्र बिनचूक. पण समोर पंच बसल्यावर माझी लाळ निर्दोष असूनही आटली असती, आणि मुरलेल्या चोराने मूठभर चावून वर "आणखी आहेत का?" असं विचारलं असतं.

आमच्या घरातलं यंत्र वेगळं आहे. त्या जूनमध्ये रात्री जेवायला बसलो. भाकर मोडली, पण घास काही घेववेना. बोटांनी नुसता वरचा पापुद्रा सोलत राहिलो. तो निघाला तशी खालची बाजू कुरतडायला लागलो. चुलीपुढून बायकोचा आवाज आला, "काय म्हनला बँकवाला?" फोनचं मी तिला सांगितलेलंच नव्हतं. घड्याळ तेव्हाही मनगटावरच होतं, आणि दिवसभरातली माझी पावलं कमी पडल्याची तक्रार करत होतं.

सरकारच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आशाताई शेतकऱ्यांच्या दारात जाऊन ताणतणावाची विचारपूस करतात, त्याचं मोल मला या घड्याळापेक्षा जास्त वाटतं. आमच्या जिल्ह्यात न विचारल्यामुळे गेलेली माणसं कमी नाहीत. तेव्हा ताटावरचा माणूस पापुद्रा सोलत बसलेला दिसला, तर त्याला काय झालं ते विचारा. घरात विचारणारं कुणी नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो. तो फुकट आहे, तिथं मराठीत बोलता येतं, आणि त्याला साधा बटणाचा फोन पुरतो.