दशांशाचे माहात्म्य

सगळे जग एकाच मापात तापमान मोजू लागले तर किती सुशिक्षित माणसे बेकार होतील, याचा विचार मेट्रिकवाल्यांनी केलेला दिसत नाही. अमेरिका फॅरनहाइटला चिकटून राहिली म्हणून बरे. डब्लिनजवळच्या नासमध्ये अमेरिकन यंत्रांची स्पेसिफिकेशन्स वाचत बसणाऱ्या मराठी इंजिनिअरला त्यामुळे निवृत्तीपर्यंत ददात नाही. बत्तीस वजा करा, पाचने गुणा, नऊने भागा, सही करा.

गावही या कामाला साजेसे आहे. आयर्लंडने २० जानेवारी २००५ रोजी वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरमध्ये केल्या. नासच्या रेसकोर्सवरचे घोडे मात्र अजून मैल आणि फर्लांगांतच धावतात, आणि हरलेल्यांचे दुःख पाइंटमध्ये मोजले जाते. इथे कोणालाही याचा त्रास होत नाही.

रूपांतराचा खरा लाभ असा की, अंदाज एका मापातून दुसऱ्या मापात गेला की शास्त्र होऊन बाहेर पडतो. वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी १८६८ मध्ये निरोगी शरीराचे सरासरी तापमान ३७ सेल्सिअस सांगितले. सरासरीच ती, थोडी इकडेतिकडे चालायची. फॅरनहाइटमध्ये तिचे ९८.६ झाले आणि त्या पॉइंट सहावर पिढ्यान् पिढ्या आया रात्री जागल्या. उलट दिशेलाही हाच चमत्कार घडतो. डबाबंद अन्नाच्या निर्जंतुकीकरणासाठी अमेरिकनांनी २५० फॅरनहाइट हा सुटसुटीत आकडा धरला. सेल्सिअसमध्ये तो १२१.१ झाला, आणि आज युरोपातला ऑटोक्लेव्ह १२१ दाखवतो तेव्हा हा आकडा निसर्गानेच ठरवला असावा असे वाटते. नासच्या सुपरमार्केटमधले गोठवलेले वाटाणे उणे १८ वर का? फॅरनहाइटच्या शून्याला किंचित घासूनपुसून घेतले की उणे १८ होतात म्हणून. वाटाण्यांनी कधी तक्रार केलेली नाही.

घरात ही विद्या तितकीशी मुरलेली नाही. नातवाला ३९ ताप आहे हे फोनवर ऐकून साताऱ्याची आजी म्हणते, “एकोणचाळीस? अगं, मग पोर गार पडलंय की! शाल घाल त्याला.” आजीचा ताप शंभरापासून सुरू होतो. गंमत म्हणजे त्याच आजीला उन्हाळ्यात ‘आज पारा ४१ वर’ ही बातमी बरोबर कळते. हवा सेल्सिअसमध्ये तापते आणि माणूस फॅरनहाइटमध्ये, हे तिला कोणी शिकवलेले नाही.

पण खरी प्रतिभा दिसते ती फरकाचे रूपांतर करताना. दूध ४ सेल्सिअसला ठेवा, दोन अंश इकडेतिकडे चालेल, असे कागदावर असते. यातले ४ हे तापमान आहे, त्याचे ३९.२ होते. दोन हा नुसता फरक, त्याला १.८ ने गुणायचे, ३२ मिळवायचे नाहीत, उत्तर ३.६. असे करणारा माणूस कोरडा हिशेबनीस. दिलदार माणूस फरकातही ३२ मिळवतो आणि ३५.६ अंशांची सूट देऊन मोकळा होतो. आता दूध उणे १६ ते २४ सेल्सिअसपर्यंत कुठेही असू शकते. दगड झाले तरी नियमात, दही झाले तरी नियमात. एवढी सहिष्णुता कुठल्याच राज्यघटनेत सापडणार नाही, आणि तपासणीला आलेला साहेबही खूश, कारण एकदाही मर्यादा ओलांडलेली नसते.

हा घोटाळा टाळायची सोय आयर्लंडच्याच मातीने करून ठेवली आहे. बेलफास्टला जन्मलेल्या विल्यम थॉमसन, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन, यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष मोजपट्टी मांडली. फरक केल्विनमध्ये लिहिला तर तो फरकच आहे हे बहुतेकांना कळते, म्हणून काही शिस्तप्रिय लोक तसे लिहितात. अशा लोकांमुळेच धंद्यातली मजा जाते. तरी हिंमत सोडायचे कारण नाही. अमेरिकन इंजिनिअरांकडे रँकीन नावाचे चौथे मापही आहे. त्यात बर्फ ४९१.६७ ला वितळतो, म्हणजे पॉइंटनंतर दोन आकडे फुकट.

तेव्हा आमची सूचना अशी की प्रत्येक बॉयलरवर चारही मापांच्या चार तबकड्या बसवाव्यात, चौघींचे कॅलिब्रेशन चार वेगळ्या कंत्राटदारांना द्यावे आणि चौघींत मेळ बसेना तर समिती नेमावी. तिचा अहवाल येईपर्यंत फिटरने पाइपजवळ हात नेऊन काम चालवावे, आजवर तो चालवत आला आहे तसे.